चौथी प्रत

कस्तुरा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. पिंपरीतल्या ज्या कंपनीत आम्ही टायपिस्ट होतो तिथे एका लांबट हॉलमध्ये सहा मशिनं होती. त्या खडखडाटातही कस्तुराचं मशीन ओळखू यायचं, कारण ते मध्येच थांबत नसे. आमची थांबायची. अक्षर चुकलं की खोडरबर घ्या, कागद वर सरकवा, मागच्या कार्बन प्रतींवरही एकेक करून खोडा. तिच्यावर ती वेळ क्वचित यायची.

तिचे वडील कोंडीराम १९६२ साली खेड तालुक्यातलं गाव सोडून कासारवाडीला आले आणि औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. गावात त्यांच्या वाट्याला काय यायचं ते त्यांनी पोरीला कधी फारसं सांगितलं नाही. बौद्ध झाल्यावर घरातले जुने देव त्यांनी नदीत सोडले आणि कस्तुराला शाळेत घातलं, एवढंच ती सांगायची. ती मॅट्रिक झाली तेव्हा त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेली दुसरी मुलगी नव्हती. मग चिंचवडच्या टायपिंग क्लासला जाऊ लागली. तिथला मास्तर सगळ्यांना मशीन देऊन झालं की मग हिला द्यायचा, आणि तेही चिकटणाऱ्या बटणांचं. त्याच मशीनवर ती शिकली. नोकरीच्या पहिल्या दिवशी वडील तिला गेटपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बाळ, दुसऱ्याची चूक झाली तर लोक चूक म्हणतात. तुझी झाली तर जात म्हणतील. ध्यानात ठेव." हे तिने मला फार नंतर सांगितलं. पण तिच्या पाठीकडे बघितलं तरी कळायचं की काहीतरी ध्यानात ठेवून ही बाई बसलेली आहे.

तिचं लग्न भोसरीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या भीमराजशी झालं. कासारवाडीत एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत तिने जुनं रेमिंग्टन मशीन आणून ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी प्रबंध टाइप करायला घेऊ लागली. पुण्याहून विद्यार्थी येत. रसायनाचे, इंजिनिअरिंगचे, कधी संख्याशास्त्राचे. कासारवाडीच्या बाईंकडे दिलं की परत बघावं लागत नाही, असं तिकडे बोललं जायचं. त्याचा तिला अभिमान होता आणि तो तिने लपवला नाही.

ज्योतीराम बोराटे तिच्याकडे आला तो १९७८ च्या दिवाळीनंतर. मोशीच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय अठ्ठावीसच्या आसपास, सायकलवरून यायचा आणि पायजम्याला लावलेली क्लिप काढायची विसरून तसाच बसायचा. पुण्यात भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. त्याच्या प्रबंधात अक्षरांपेक्षा चिन्हं जास्त होती. ग्रीक अक्षरं मशीनवर नसायची, ती हाताने काळ्या शाईने भरावी लागत. आणि बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक आडवी रेघ.

"ही रेघ फार महत्त्वाची आहे, ताई," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"आमच्या मराठीत सगळ्याच अक्षरांना असते," कस्तुरा म्हणाली.

तो हसला. तोवर तिने चहा आणला होता. बोलता बोलता त्याने कप उचलला आणि पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने मला हे सांगितलं. "विमल, त्याचं लक्षही नव्हतं. कप उचलला आणि प्याला." बाकीच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना चहाच्या वेळी नेमकी घाई असायची, हे मला तोवर माहीत नव्हतं.

प्रबंध कशाबद्दल आहे हे कस्तुरा कधी कुणाला विचारत नसे. याला विचारलं. तो सांगायला उत्सुकच होता, घरी मोशीत त्याला कोण विचारणार.

"प्रत्येक कणाला एक प्रतिकण असतो," त्याने सांगितलं. "वजन तेच, विद्युतभार उलटा. दोघे भेटले की दोघेही संपतात, नुसता उजेड उरतो. विश्व अगदी सुरुवातीला भयंकर तापलेलं होतं तेव्हा दोघेही सारख्याच संख्येने असले पाहिजेत. मग ते एकमेकांना संपवून मोकळे व्हायला हवे होते. तुम्ही, मी, हे मशीन, काहीच राहायला नको होतं."

"पण राहिलंय."

"राहिलंय. शंभर कोटी जोड्या संपल्या तर त्यामागे एखादा कण जास्तीचा उरला, इतकाच फरक होता. आज दिसतं ते सगळं त्या उरलेल्याचं बनलेलं आहे. तो फरक कुठून आला?"

दहा-बारा वर्षांपूर्वी एका रशियन शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी तीन गोष्टी लागतील असं मांडलं होतं, ते त्याने तिला सांगितलं. एकूण द्रव्य कमीजास्त होऊ शकलं पाहिजे. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात थोडा तरी फरक पाहिजे. आणि हे घडत असताना विश्व इतक्या घाईने थंड होत असलं पाहिजे की झालेला फरक पुन्हा भरून निघायला वेळच मिळू नये. ज्योतीरामचं काम दुसऱ्या गोष्टीवर होतं. एक फार जड कण दोन तऱ्हांनी फुटतो. त्यातल्या एका तऱ्हेने तो किती वेळा फुटतो त्याला एक अक्षर. त्याचा प्रतिकण त्याच तऱ्हेने किती वेळा फुटतो त्याला तेच अक्षर, पण डोक्यावर रेघ. साधं गणित केलं तर दोन्ही सारखे येतात. पण या कणांचं खरं गणित ज्यात करतात त्या क्षेत्राच्या सिद्धांतात कण सरळ फुटून मोकळा होत नाही, मध्ये दुसरे कण क्षणभर येऊन जातात, कागदावर त्यांचं वेटोळं काढतात. ते वेटोळं धरून पुन्हा गणित केलं की दोन आकड्यांत बारीक फरक दिसतो. तो फरक त्याने चौथ्या प्रकरणात काढला होता. सगळा प्रबंध त्या प्रकरणावर उभा होता.

"म्हणजे रेघ राहिली तर?" कस्तुराने विचारलं.

"तर आकड्यातून तोच आकडा वजा होतो. शून्य."

हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कस्तुरा मला म्हणायची, "मला कळत नसतं तर गोष्ट वेगळी होती. मला कळत होतं."

फेब्रुवारीत तिने चौथं प्रकरण एकदा कच्चं टाइप करून दिलं, रेघांशिवाय, त्याला नुसतं वाचून दुरुस्त्या करायला. एप्रिलमध्ये पक्कं केलं. चार प्रती: वरची जाड बाँड कागदावर, खालच्या तीन कार्बनवर पातळ कागदाच्या, त्यांतली शेवटची, चौथी, सगळ्यांत पातळ, कारण त्याशिवाय ठसा उमटत नाही. मग हाताने चिन्हं भरायची, प्रत्येक प्रतीवर पुन्हा नव्याने. वरची प्रत ज्योतीरामने अक्षर न् अक्षर तपासली. बाकीच्या तिने तिसऱ्या प्रतीपर्यंत पुऱ्या केल्या. चौथ्या प्रतीत चौथ्या प्रकरणाच्या अकरा पानांवर ग्रीक अक्षरं भरून झाली, डोक्यावरच्या रेघा राहिल्या.

तो शनिवार १४ एप्रिल होता. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीतल्या बायकांना गाणी बसवून देण्याचं काम दरवर्षी तिच्याकडे असायचं. दुपारपासून मिरवणूक. रविवारी गावाकडचे पाहुणे, एका खोलीत अकरा माणसं, कागद पसरायला जागा नाही. ती म्हणाली, सोमवारी सकाळी करू. सोमवारी सकाळी सातला ज्योतीराम दारात. विद्यापीठातला प्रबंध घेणारा कारकून दुपारनंतर रजेवर जाणार होता.

"सगळं झालं ना ताई?"

"झालं. बघून घेतलंय."

ती मला शपथेवर सांगायची की हे खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. चौथी प्रत नेहमी विद्यार्थ्याकडेच राहते. आजवरच्या सगळ्यांची राहिली होती. संध्याकाळी त्याच्याकडून मागून घेऊ, तासाभरात रेघा घालू, तो काय समजायचं ते समजेल. एवढा विचार तिने गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता केला.

संध्याकाळी तो आलाच नाही. आला तो बुधवारी, पेढे घेऊन. सोमवारी दुपारच्या आतच चारही प्रती बांधून दिल्या गेल्या होत्या. "आणि गंमत बघा," तो म्हणाला, "एक परीक्षक परदेशात आहेत. विमानाच्या टपालाला वजन लागतं म्हणून कारकुनाने सगळ्यांत हलकी प्रत त्यांना लावली. ती पातळवाली. कालच गेली."

पेढ्याचा पुडा हातात घेऊन कस्तुरा उभी होती. त्याच वेळी सांगता आलं असतं. एक तार केली असती तर भागलं असतं. तिने विचार केला, परीक्षक एवढा मोठा माणूस, त्याच्या लक्षात येईलच की रेघा राहिल्यात. तिने पेढा खाल्ला आणि त्याला चहा विचारला.

नोव्हेंबरात परीक्षकाचा अहवाल आला. चौथ्या प्रकरणात उमेदवार एक राशी तिच्यातूनच वजा करतो आणि उत्तर शून्य नाही असं म्हणतो. चिन्हं लिहिण्यातली ही चूक असू शकेल, पण ज्या प्रबंधाचा निष्कर्ष याच चिन्हांवर ठरतो तिथे उमेदवाराच्या मनात काय होतं याचा अंदाज परीक्षकाने करायचा नसतो. प्रकरण दुरुस्त करून पुन्हा सादर करावं. साधारण असा मजकूर होता.

ज्योतीरामचे मार्गदर्शक मोघे सर कडक माणूस. त्यांनी आपल्या जवळची प्रत उघडून बघितली, तीत रेघा जागच्या जागी. मग त्यांनी ज्योतीरामला विचारलं, आणि ज्योतीराम सायकल मारत कासारवाडीला आला. कस्तुरा पाणी भरत होती.

"ताई, एक विचारायचं होतं. चारही प्रतींत रेघा घातल्या होत्या ना?"

तिने हंडा खाली ठेवला. मला सांगताना ती नेहमी इथे थांबायची. हंड्याच्या कडेवरून पाणी सांडत होतं, ते तिने पदराने पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाली, "घातल्या होत्या. चारही."

तो स्वतःच म्हणाला, "मग मीच. ती फेब्रुवारीतली कच्ची पानं माझ्याकडे होती. बांधणीवाल्याकडे गठ्ठे लावताना ती चौथ्या प्रतीत घातली गेली असणार. पक्की पानं कुठे गेली देव जाणे." आणि तिचीच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून असं होणार नाही, मला माहीत होतं. सरांनी विचारायला सांगितलं म्हणून आलो."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कस्तुराने मला हे सांगितलं. डबा उघडलाच नव्हता. "आज संध्याकाळी मोशीला जाते आणि सांगते," ती म्हणाली.

मी तिला म्हणाले, गप्प बस.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आमच्याकडे सीनियर टायपिस्टची जागा भरायची होती आणि कस्तुराचं नाव होतं. ऑफिसातली दोन माणसं तिच्या नावावर तोंड वाकडं करत होती. मी म्हणाले, "तुझ्या वडिलांचं वाक्य आठव. एकदा का हे पुण्यातून इथवर पोचलं की मग? त्या पोराचं काय, प्रकरण पुन्हा टाइप करायचं, सहा महिन्यांत डिग्री. तो शिकलेला आहे, त्याचं काही अडत नाही." मी बरंच काही बोलले. ती ऐकत होती. शेवटी तिने डबा उघडला आणि संध्याकाळी ती मोशीला गेली नाही.

त्याचं अडलं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्याला दोन वर्षांची जागा मिळणार होती, वर्षअखेर डिग्री हातात असेल तर. ती दुसऱ्याला गेली. दुरुस्त प्रबंध परत गेला, परत वाचला गेला, डिग्री मिळायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. तोवर त्याच धर्तीचं गणित बाहेरच्या देशात दोघा-तिघांनी छापून टाकलं होतं, त्याच्याहून मोठं आणि त्याच्याहून पक्कं. मोघे सर चारचौघांत म्हणाले, "ज्याला कच्ची आणि पक्की पानं वेगळी ठेवता येत नाहीत त्याच्या गणितावर मी कसा भरवसा ठेवू?" ते वाक्य विभागात फिरलं. ज्योतीरामने राजगुरुनगरच्या एका कॉलेजात लेक्चररची नोकरी धरली.

कस्तुराला सीनियर टायपिस्टची जागा मिळाली. पगारपत्रक घेऊन आली तेव्हा मी तिचं अभिनंदन केलं तर ती म्हणाली, "बस गं." त्यानंतर तिने प्रबंध घेणं बंद केलं. पडवीतल्या मशीनवर सतरंजी टाकलेली असायची. भीमराजने विचारलं तर डोळे दुखतात म्हणून सांगितलं. ऑफिसात तिचं मशीन आता मध्येमध्ये थांबायचं.

असं दीड वर्ष गेलं. १९८१ च्या मार्चमध्ये ती भोसरीच्या बाजारात गेली होती, तिथे तिला कुशाबाई भेटल्या, ज्योतीरामची आई. प्रबंधाच्या दिवसांत एकदा त्या मेथीच्या जुड्या घेऊन मुलाबरोबर कासारवाडीला येऊन गेल्या होत्या, म्हणून ओळख. म्हातारीने तिचा हातच धरला.

"माजा ज्योती अजून नाव काढतो तुमचं. बाईंचं काम चोख, चूक माज्या हातनं झाली, म्हनतो."

"बरा आहे ना तो?"

"कशाचा बरा. दाराला कुलूप लावलं का तीन येळा वडून बघतो. रस्त्याला लागला तरी माघारी येतो. पोरांचे पेपर तपासतो तर बेरीज करून झाली तरी पुन्यांदा, पुन्यांदा. पैलं कसं कागुद घिऊन बसायचा, आता त्या कागदांला हात लावत न्हाई. मी म्हनलं, का रं? तर म्हनतो, आई, माजा माज्या हातावर इस्वास न्हाई ऱ्हायला."

कस्तुरा बाजार न करताच परतली. सोमवारी ऑफिसात आल्या आल्या मला म्हणाली, "रविवारी मी राजगुरुनगरला चाललेय. तू अडवू नकोस." मी अडवलं नाही. मी बरोबर येते म्हणाले. का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला एकटीला जाऊ द्यायला लाज वाटली असेल.

एसटीने गेलो. कॉलेजच्या मागे एका घरात वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. तो उत्तरपत्रिका तपासत बसला होता. आम्हाला बघून त्याला आनंद झाला, खरंच झाला. त्याने खुर्चीवरचे गठ्ठे उचलले, स्टोव्ह पेटवायला निघाला.

"चहा नको," कस्तुरा म्हणाली. "आधी ऐकून घ्या. चौथ्या प्रतीत रेघा मी घातल्याच नव्हत्या. अकरा पानं राहिली होती. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटं बोलले."

तो काडीपेटी हातात घेऊन तसाच राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी कडब्याची गाडी वळवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"चौथी प्रत," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे कच्ची पानं नव्हती त्यात."

"नव्हती. कच्ची पानं तुमच्याकडेच कुठेतरी असतील."

"माझ्या ट्रंकेत आहेत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी सापडली. सगळी सापडली. तेव्हा मला वाटलं की मग मी काहीतरी तिसरंच केलं असेल आणि ते मला आठवत नाही. मला वाटलं माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे."

त्याने काडीपेटी खाली ठेवली.

"मी तुमच्या दारात उभं राहून विचारलं होतं."

"हो."

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं तर सरांनी तार केली असती. दोन आठवड्यांचं काम होतं. रेघा राहिल्या त्याचं मला काही नाही, ताई. कुणाच्याही राहतात. पण तुम्ही नंतर तसंच ठेवलंत. दीड वर्ष."

"माझी चूक निघाली तर लोक काय म्हणतील याची भीती होती."

"मी काय म्हटलं असतं?"

त्याने काही म्हटलं नसतं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटतं तिला सगळ्यांत जास्त तेच टोचत होतं.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?"

मी तोंड उघडायच्या आत कस्तुरा म्हणाली, "तिला मी काल सांगितलं. एकटीने यायचा धीर होईना म्हणून बरोबर आणलं."

मी खाली बघितलं. त्याच्या चटईच्या कडेची वीण उसवली होती, ती मी बघत राहिले.

"तुम्ही आता जा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मला काही बोलायचं नाही आत्ता."

आम्ही जिना उतरलो. स्टँडवर बस लागायला अजून वेळ होता. मी म्हणाले, "माझ्याबद्दल तसं का सांगितलंस?"

"रेघा घालायच्या तू ठेवल्या नव्हत्यास."

"गप्प बस मी म्हणाले होते."

"म्हणाली होतीस. ऐकायचं की नाही ते माझ्याकडे होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसलं काही वाटत नाही."

त्याच आठवड्यात तिने सतरंजी काढून मशीन उघडलं आणि मोघे सरांना एक पत्र टाइप केलं. झालं ते सगळं तारीखवार लिहिलं. बोराटे यांची कोणतीही चूक नव्हती, त्यांनी विचारल्यावर मी खोटं सांगितलं म्हणून ते स्वतःला दोष देत राहिले, असं शेवटी. एक प्रत विद्यापीठाला, एक ज्योतीरामला. पाठवण्याआधी तिने ते भीमराजला वाचायला दिलं. तो सावकाश वाचणारा माणूस. वाचून झाल्यावर म्हणाला, "तुझे वडील म्हणायचे तेच म्हणतील."

"म्हणू दे," ती म्हणाली. "त्यांना म्हणायचं असेल ते म्हणतीलच. पण चूक माझी आहे, ती त्या पोराच्या नावावर का राहावी?"

ते पत्र तिने मला ऑफिसात दाखवलं. मी दोनदा वाचलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. मला हवं असतं तर मी म्हणू शकले असते की घाल, माझंही घाल. मी एका ठिकाणी स्वल्पविराम सुचवला.

मोघे सरांचं पोस्टकार्ड महिन्याने आलं. दोन ओळी. बोराटे यांच्याविषयी मी बोललो ते मागे घेतो व तसे त्यांना कळविले आहे. यापुढे विभागातील टंकलेखन आपल्याकडे पाठविण्यात येणार नाही. ती बातमी आमच्या ऑफिसातही पोचली, कशी ते माहीत नाही, आणि ज्यांना तोंड वाकडं करायचं होतं त्यांनी केलं. एकाने तर तिच्या समोरच म्हटलं, काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. ती त्याचं पत्र टाइप करत होती. ते पूर्ण करून तिने त्याच्या हातात दिलं.

ज्योतीरामकडून तिला उत्तर आलं नाही. ती वाट बघत नव्हती असं सांगायची, पण दुपारच्या टपालाच्या वेळी तिची मान वर व्हायची. पुढे कुशाबाईंकडून एवढं कळलं की तो शनिवारी पुण्याला जाऊन विभागाच्या लायब्ररीत बसू लागला आहे. १९८२ मध्ये त्याचा एक छोटा निबंध कुठल्याशा नियतकालिकात आला. त्याच विषयावर, पण वेगळ्या बाजूने. मोठं नाव त्याचं झालं नाही. मुंबईची जागा परत आली नाही. कुलपाचं मी विचारलं नाही.

मला तो भेटला त्यानंतरच्या वर्षी, नाशिक फाट्याच्या बस स्टॉपवर. त्यानेच ओळखलं. इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, "त्या बऱ्या आहेत?"

"बरी आहे. आता वस्तीतल्या मुलींना टायपिंग शिकवते."

"पत्र मिळालं होतं म्हणून सांगा त्यांना. उत्तर लिहायला बसलो होतो दोन-तीनदा. जमलं नाही." मग म्हणाला, "आणि तुम्ही त्या दिवशी त्यांच्याबरोबर आलात ते फार बरं केलंत. कळल्या कळल्या दुसऱ्याच दिवशी कोण येतं असं."

स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. बस यायला वेळ होता, बोलायला भरपूर वेळ होता. मी "अहो त्यात काय" म्हणाले, आणि बस आली तशी चढले.